मन वळविणे आणि मान वाकविणे

(पुणे शहरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही. गेल्या बैठकीत आपल्या वस्तीतील अभ्यासिकेच्या जागेचा प्रश्न निघाला, तेव्हा मागच्या ओळीतील एक तरुण उठला आणि म्हणाला, "पुढाऱ्यांना पटवून सांगण्यात आमच्या वडिलांचा जन्म गेला. त्यांना पटत काहीच नाही, त्यांना फक्त भीती कळते. तेव्हा निवेदने पुरे झाली, आता रस्ता अडवू या." त्याला टाळ्या मिळाल्या. मी त्या वेळी गप्प बसलो. त्याचे म्हणणे खोटे वाटले म्हणून नव्हे, तर त्यात अर्धे खरे होते म्हणून. सर्वस्वी खोट्याला उत्तर देणे सोपे असते, अर्ध्या खऱ्याला उत्तर देण्यास वेळ लागतो. तो वेळ आपण आज मला दिला आहे. येत्या पंधरवड्यात आपले शिष्टमंडळ लोकप्रतिनिधींकडे जावयाचे आहे, म्हणून हा प्रश्न केवळ चर्चेचा राहिलेला नाही.

भीती दाखवून मनुष्याची मान वाकविता येते, हे मी नाकारीत नाही. परंतु मान वाकली म्हणजे मन वळले, असे समजणे ही मोठी फसवणूक आहे. ही फसवणूक एकदा ह्याच पुणे शहरात, सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत झाली. बंडगार्डनच्या पुलावरून पलीकडे गेले की येरवड्याचा तुरुंग लागतो. आपल्यातील कित्येकजण रोज कामावर जाताना त्या वाटेने जातात. त्या भिंतीआड १९३२ च्या सप्टेंबर महिन्यात काय घडले, ते आज पुन्हा पाहू या.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गास प्रांतिक कायदेमंडळांत सत्तरहून काही अधिक जागा स्वतंत्र मतदारसंघांतून मिळाल्या होत्या. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही अस्पृश्य मतदाराचे एक मत कायम राहिले होते. ह्या दुसऱ्या मताकडे आपल्या वक्त्यांचे फारसे लक्ष जात नाही. त्या मतामुळे सवर्ण हिंदू उमेदवारालाही महारवाड्यात, मांगवाड्यात येऊन आपले म्हणणे मांडावे लागले असते. म्हणजे आमच्या माणसाला पटवून देण्याची गरज त्याला लागली असती. हा निवाडा गांधीजींना मान्य नव्हता. २० सप्टेंबर रोजी दुपारी त्यांनी येरवड्यास प्राणांतिक उपोषण सुरू केले. २४ तारखेस पुणे करारावर सह्या झाल्या. २६ तारखेस ब्रिटिश सरकारने तो मान्य केल्याचे कळले आणि त्याच दिवशी उपोषण सुटले.

ह्या आठवड्यात बाबासाहेबांना पटवून देण्याचा प्रयत्न झाला, असे पुष्कळ पुस्तकांतून लिहिलेले असते. मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी अशी मोठमोठी मंडळी मुंबई आणि पुण्याच्या बैठकांत बसली होती, युक्तिवाद झाले, मसुदे झाले, हे खरे आहे. परंतु पटविण्याची एक कसोटी आहे. ज्याला पटवावयाचे, त्याला "नाही" म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. बाबासाहेबांना ती मोकळीक होती काय? त्यांनी "नाही" म्हटले असते आणि येरवड्यात काही विपरीत घडले असते, तर त्याची किंमत गावकुसाबाहेर विखुरलेल्या आमच्या लाखो निराधार माणसांना मोजावी लागली असती. हे ओझे मानेवर ठेवून मागितलेल्या संमतीला मी संमती म्हणावयास तयार नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतः ह्या उपोषणाविषयी अत्यंत कठोर शब्दांत लिहिले, ते उगीच नव्हे.

परंतु येथे मला आपल्याच लोकांना एक गोष्ट सांगावयाची आहे. "बाबासाहेबांना माघार घ्यावी लागली" एवढे बोलून आपण थांबतो. करार उघडून वाचीत नाही. तो वाचला पाहिजे. सत्तरहून काही अधिक जागांच्या ठिकाणी १४८ जागा लिहून घेतल्या गेल्या, आणि त्या प्रांतवार लिहिल्या गेल्या. मद्रास ३०, बंगाल ३०, मध्य प्रांत २०, संयुक्त प्रांत २०, बिहार आणि ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, आसाम ७. मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा. आणि प्रत्येक प्रांताच्या शिक्षणखर्चातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम बाजूला काढण्याची अट. समोर भावनेचा एवढा मोठा पूर आला असता हा मनुष्य आकडे मागत बसला होता. कळकळ आणि आश्वासने आटून जातात, लिहिलेला आकडा मागे राहतो, हे त्यांना माहीत होते.

आणि आश्वासने आटलीच. त्या आठवड्यात ठिकठिकाणी देवळे आणि विहिरी खुल्या झाल्याच्या बातम्या येत होत्या. २५ सप्टेंबरला मुंबईच्या सभेत सवर्ण हिंदू पुढाऱ्यांनी ठराव केला की यापुढे कोणालाही जन्मामुळे अस्पृश्य मानले जाणार नाही आणि सार्वजनिक विहिरी, शाळा, रस्ते सर्वांना सारखे असतील. पुढे काय झाले? मंदिरप्रवेशाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले, रेंगाळले, आणि १९३४ साली मांडणाऱ्यानेच ते मागे घेतले. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि पाठिंबा देणारे बाजूला सरले होते. म्हणजे त्या उपोषणाने केवळ आमचीच मान वाकविली असे नव्हे, सवर्णांचीही वाकविली. महात्माजींच्या प्राणाच्या भीतीने त्यांनी देवळाची कडी काढली. भीती गेली आणि कडी पुन्हा लागली. ज्या तरुण मित्राने भीतीचा मार्ग सुचविला, त्याने ह्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

आता करारातील ज्या गोष्टीचे परिणाम आपण आजही भोगतो, तिच्याकडे वळतो. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघ आले. पहिल्या दहा वर्षांपुरती अशी व्यवस्था होती की प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवारांची यादी निवडावी आणि त्या चारांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडावे. वाचावयास हे बरे दिसते. परंतु आपल्या लोकांनी ज्याला चौथ्या क्रमांकावर ठेवले, तोच सवर्णांच्या मतांनी निवडून येऊ शकत होता. पुढे ती प्राथमिक निवडणूकही राहिली नाही. आज राखीव जागेवरचा नगरसेवक असो, आमदार असो, त्याला सगळा मतदारसंघ निवडून देतो. आपण त्याच्याकडे "आपला माणूस" म्हणून जातो, आणि तो थंडपणे वागला म्हणजे त्याला गद्दार म्हणून परत येतो. मीही तरुणपणी असे शब्द वापरले आहेत. परंतु शिव्या देण्यापूर्वी हा हिशेब करावा की त्याला मिळालेल्या मतांत आपली किती आणि इतरांची किती. ज्याच्या मतावर मनुष्य निवडून येतो त्याचे तो ऐकतो. ह्याला स्वभावदोष म्हणा, परंतु ही घटना येरवड्यात ठरलेली आहे. म्हणून आपल्या प्रतिनिधीचे मन वळवावयाचे असेल तर त्याच्या इतर मतदारांपैकी काही माणसे आपल्या बाजूला उभी आहेत, हे त्याला दिसले पाहिजे. हे काम आपण करीत नाही. आपण आपल्याच विहारात, आपल्याच माणसांपुढे, आपलेच मुद्दे पुन्हा पुन्हा सांगतो आणि सर्वांना पटले म्हणून समाधानाने घरी जातो.

येरवड्याच्या गोष्टीला पुढे चौदा वर्षांनी एक दुसरे प्रकरण जोडले गेले, आणि तेही पुण्यातच. १९४६ साली ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने जी योजना आणली तीत अस्पृश्यांचे स्वतंत्र राजकीय अस्तित्व मानलेलेच नव्हते. तेव्हा मुंबई विधिमंडळाचे अधिवेशन पुण्यात भरत असताना, १५ जुलै १९४६ पासून, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने येथे सत्याग्रह आरंभिला. पुणे कराराचा धिक्कार करीत आमचे स्त्री-पुरुष तुकड्यातुकड्यांनी कौन्सिल हॉलकडे गेले आणि तुरुंगात गेले. विधिमंडळात बहुमत काँग्रेसचे होते आणि मुख्य प्रधान बाळासाहेब खेर होते. त्या वर्षी मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीवर जाण्याची वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील इतर सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने ते तिकडून निवडून आले.

आता पुढचे पाहा. जुलै १९४७ मध्ये, म्हणजे सत्याग्रहानंतर बरोबर एका वर्षाने, त्याच मुंबई विधिमंडळाने बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून पाठविले. बंगालची फाळणी होऊन त्यांची जागा गेली होती, आणि त्यांना मुंबईतून ताबडतोब निवडून द्यावे असे पत्र घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी बाळासाहेब खेरांना ३० जून रोजी लिहिले होते. राजेंद्रप्रसाद हे १९३२ च्या वाटाघाटींत समोरच्या बाजूस बसलेले गृहस्थ! एका वर्षात एवढा फरक कशाने पडला? सत्याग्रहाने पडला असे मी म्हणू शकत नाही; सत्याग्रहाने एवढेच झाले की हा समाज गप्प बसणार नाही हे सर्वांना कळले. तेही आवश्यक होते. परंतु मन वळले ते निराळ्या ठिकाणी.

१७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत ध्येयविषयक ठरावावर बाबासाहेब बोलावयास उभे राहिले. त्यांचे नाव इतक्या लवकर पुकारले जाईल अशी त्यांची स्वतःचीही अपेक्षा नव्हती. सभागृह बहुतेक विरोधकांचे. मुस्लिम लीग बाहेर राहिलेली. लीग येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा अशी जयकरांची सूचना होती आणि तिच्यामुळे सभागृह चिडलेले होते. अशा वेळी आपल्यापैकी कोणी असता तर त्याने प्रथम मागच्या पंधरा वर्षांचे हिशेब काढले असते. निदान मी तरी काढले असते. बाबासाहेबांनी ते काढले नाहीत. त्यांनी आरंभ केला तो देशाच्या ऐक्यापासून. आज आपण दुभंगलेले आहोत हे त्यांनी मान्य केले, आणि तरीही हा देश एक होणार याविषयी आपल्या मनात शंका नाही असे सांगितले. समोर बसलेल्यांच्या मनातील सर्वांत प्रिय वस्तू त्यांनी आधी हातात घेतली, आणि मग विचारले की तुम्हाला हे ऐक्य हवे आहे ना, मग घाईने ठराव करून ते मिळेल काय? ठराव करण्याचा अधिकार तुम्हाला आहे की नाही हा माझा प्रश्न नाही, तसे करणे शहाणपणाचे आहे की नाही हा आहे. ठरावातील उणिवाही त्यांनी सोडल्या नाहीत. हक्क सांगितले आहेत परंतु हक्क मोडल्यास दाद कोठे मागावयाची ते सांगितलेले नाही, हे त्यांनी स्पष्ट दाखविले. ज्या सभागृहाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले होते त्याने त्या भाषणाचे टाळ्यांनी स्वागत केले. ठराव जानेवारीपर्यंत पुढे गेला.

ह्या भाषणात लाचारीचा एक शब्द नाही. समोरच्याच्या जमिनीवर पाय ठेवून बोलणे आणि समोरच्याच्या पाया पडणे ह्यांत जो फरक आहे, तो आपल्या कार्यकर्त्यांना अजून नीट उमगलेला नाही असे मला वाटते. महाडला काय होते? १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला होता, १९२४ साली खुद्द महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. सत्याग्रही त्यांच्याच ठरावाची अंमलबजावणी करावयास गेले. आणि आपल्या पुण्यातील जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला जे निवेदन दिले, त्यातही हीच रीत आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून गोळा होतो, मग तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो, हा सरकारलाच सरकारच्या हिशेबावरून विचारलेला प्रश्न आहे. जोतिरावांचेही सर्वांना सर्व पटले नाही. पुण्यात रे मार्केट बांधण्याच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तो पैसा शिक्षणाकडे लावा म्हणाले. मार्केट १८८६ साली उभे राहिलेच. पुढे अनेक वर्षांनी त्याच मार्केटला महात्मा फुले मंडई असे नाव मिळाले. पुणेकरांना हा विनोद कळला की नाही कोण जाणे, रोज भाजी घेण्याच्या गडबडीत तो राहून गेला असावा.

आता आपल्या घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वस्तीच्या अभ्यासिकेसाठी आम्ही एका लोकप्रतिनिधीकडे गेलो होतो. बरोबर चाळीस माणसे, एक मोठा हार आणि तीन वक्ते. पहिल्या वक्त्याने मनुस्मृतीपासून सुरुवात केली. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. सर्व झाल्यावर त्यांनी विचारले, "जागा कोणाची आहे? महापालिकेची, की सरकारची?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. "मुले किती बसतील?" कोणी शंभर म्हणाले, कोणी तीनशे. त्यांनी चहा दिला, छायाचित्र काढू दिले आणि "पाहतो" म्हणाले. आम्ही घोषणा देत परत आलो. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून आले, आणि अभ्यासिका आजतागायत झालेली नाही. दोष त्यांचा होता हे मी बरीच वर्षे सांगत असे. आता तसे सांगवत नाही. "नाही" म्हणण्याचे कष्टही आम्ही त्यांना पडू दिले नव्हते.

त्याच वस्तीतील एक बाई, घरकामास जाणाऱ्या, पुढे एकट्याच कार्यालयात गेल्या होत्या. मुलगा रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचतो आणि तो दिवा दहा दिवसांपासून बंद आहे, एवढेच त्यांनी सांगितले, खांबाचा क्रमांक सांगितला, आणि तक्रारीची पोच मागून घेतली. दिवा लागला. दिव्यात आणि अभ्यासिकेत अंतर आहे, मला ठाऊक आहे. परंतु त्या बाईंनी जी पोच मागितली ती आमच्या चाळीस जणांपैकी एकालाही सुचली नव्हती.

मग रस्ता अडवावयाचा की नाही? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले की सनदशीर मार्ग उघडे असताना सत्याग्रह, असहकार ह्यांसारख्या मार्गांना यापुढे स्थान असू नये. हे सांगणारा मनुष्य महाड आणि नाशिकचा सेनानी होता. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या जिल्हा विधि ग्रंथालयात लोकशाहीवर बोलताना त्यांनी लोकशाहीची ओळखच अशी सांगितली की रक्त न सांडता लोकांच्या आर्थिक-सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल घडविणारी ती राज्यपद्धती. त्याच भाषणात तीव्र विषमता नको, विरोधी पक्ष हवा, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये, आणि समाजाला सदसद्विवेक हवा, अशा अटीही त्यांनी घातल्या. ह्या अटी न पाळता आम्हाला फक्त सनदशीर राहावयास सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझे उत्तर हे की सनदशीर मार्ग उघडा आहे हे दाखविण्याची जबाबदारी सत्तेवर असणाऱ्याचीही आहे. दार ठोठावून, तारीख लिहून, पोच घेऊन, पुन्हा ठोठावून ते उघडत नसेल, तर रस्त्यावर येण्याचा अधिकार आपला आहे. दादासाहेब गायकवाड ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरले, ते मागण्यांची सनद पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हाती दिल्यानंतर. लाखो माणसे तुरुंगात गेली आणि प्रत्येकाला आपण काय मागतो हे सांगता येत होते.

आणि वेळ लागतो, हेही तरुणांना सांगितले पाहिजे. १९५६ साली आपण धर्म बदलला आणि अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीत त्या नवबौद्धांस दिल्या. परंतु केंद्राच्या कायद्यात बदल झाला तो १९९० साली. मधली चौतीस वर्षे निवेदने, शिष्टमंडळे, मोर्चे, लोकसभेतील प्रश्न चालले होते. आपला मुद्दा साधा होता. धर्म बदलल्याने गावाने घातलेली गरिबी आणि घृणा एका दिवसात जात नाही. आणि शीख झालेल्या अनुसूचित जातींना १९५६ सालीच जे तुम्ही दिले, ते बौद्धांना नाकारण्याचे कारण काय? पुन्हा तीच रीत, त्यांच्याच कायद्यावर उभे राहून विचारलेला प्रश्न. दरम्यान एक संपूर्ण पिढी त्या सवलतींवाचून शिकली किंवा शिकावयाची राहिली, हे मी विसरत नाही, आणि ज्याचा भाऊ त्यात राहिला त्याला शांतपणाचा उपदेश करण्याचे धैर्यही माझ्यात नाही.

आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. बळाने आणलेला बदल बळ असेतोवर टिकतो, बुद्धाचा मार्ग मनुष्याचे मन बदलण्याचा आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. धर्मांतराच्या बाबतीत आपण हे मानतो. कोणालाही धाक घालून दीक्षा देत नाही. मग राजकारणात गेल्याबरोबर मनुष्याच्या मनाविषयीचा आपला समज का बदलावा?

आता येत्या शिष्टमंडळाविषयी. पाचापेक्षा अधिक माणसे नेऊ नयेत अशी माझी सूचना आहे, आणि त्यांत दोन स्त्रिया असाव्यात. जागेचा सर्व्हे क्रमांक आणि मालकी ह्यांचा उतारा आधी काढावा. ते काम ज्या मित्राने रस्ता अडविण्याची सूचना केली त्यानेच अंगावर घ्यावे, कारण त्याच्यात धमक आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांत आणि मशिदीमागच्या चाळीत जाऊन त्यांच्याही मुलांची नावे अभ्यासिकेच्या यादीत घ्यावी, त्यांच्या पालकांच्या सह्या घ्याव्या. भाषण एकाने करावे, दहा मिनिटांत करावे. हार नेऊ नये. परत येताना पोच आणावी, आणि पुढच्या भेटीची तारीख तेथेच मागून घ्यावी. ती तारीख टळली तर आपण पुन्हा येथे जमू, आणि त्या दिवशी रस्त्याचा विषय मी स्वतः मांडीन.

जय भीम.